सत्कारात गेलेला कटर

आश्रुबा गिरणीवाल्याला राग येतो, हे शिरूर कासारात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दळणात खडा निघाला की येतो, बाजरीच्या डब्यात मूठभर गहू राहिला की येतो, पण सगळ्यात जास्त येतो तो चांगल्या यंत्राला कुणी वाईट वागवलं की. एकदा बसस्टँडसमोर एक जण बंद पडलेल्या मोटारसायकलला लाथा घालत होता. आश्रुबा पिठानं माखलेल्या हातांनी रस्ता ओलांडून गेला आणि म्हणाला, "तुझ्या बापाला दम लागला तर त्यालाबी अशाच लाथा घालतो का बे?" प्रकरण कॉलर धरण्यापर्यंत गेलं, लोकांनी सोडवलं. मग आश्रुबानंच खाली बसून त्या गाडीचा प्लग साफ केला, गाडी चालू करून दिली आणि वर आणखी चार शिव्या दिल्या.

अशा माणसाला कटरचं वेड लागलं तेही रागातूनच. कटर म्हणजे पेट्रोलवर चालणारा, दोन हातांत धरून लाकूड कापायचा चेनचा कटर. रस्ता रुंद करायला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांनी गावाबाहेरच्या चिंचा आणि लिंब आडवे केले, तेव्हा त्यांचा एक कटर जळाला. जळाला म्हणजे काय, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं असतं ते कुणी मिसळलंच नाही, आणि पिस्टन आतल्या आत चिकटून बसला. त्यांनी तो भंगारात फेकून दिला. आश्रुबानं तो भंगारवाल्याकडून उचलून आणला. झाडं पाडली म्हणून तो एकदा चिडला होता आणि ज्यानं पाडली त्या यंत्राची अशी माती केली म्हणून दुसऱ्यांदा. गिरणीच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत पोतं अंथरून त्यानं तो उलगडला, खोलला, घासला, आणि कधीतरी दिवाळीच्या आसपास दोरी ओढल्यावर तो कटर असा काही कडाडला की छबुबाई, त्याची बायको, तव्यावरची भाकरी तशीच टाकून पळत आली. तिला वाटलं गिरणीचा पट्टा तुटला आणि नवरा त्यात सापडला. नवरा मात्र खोलीभर निळा धूर करून लहान मुलासारखा हसत होता.

तेव्हापासून दर रविवारी गिरणी बंद आणि ती मागची खोली चालू. एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर उत्तरेश्वर यायला लागला. गॅस वेल्डिंगचं दुकान असलेला सोमनाथ यायला लागला. मेलेले कटर कुठून कुठून गोळा व्हायचे, कडा गावच्या भंगारातून, दिंद्रुडच्या आठवडी बाजारातून, कुणाच्या गोठ्यात पडलेले, कुणी पाटात फेकून दिलेले. एकाचा सिलिंडर, दुसऱ्याचा कार्बोरेटर, तिसऱ्याची मूठ, असं करत एक जिवंत व्हायचा. गंमत अशी की तिघांपैकी एकाच्याही शेतात कापायला धड झाड नव्हतं. खोलीच्या दारात बाभळीचं एक वाळकं खोड पडलेलं होतं, त्याच्याच चकत्या पाडून तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. "आवाज ऐक, आवाज," असं आश्रुबा म्हणायचा आणि उत्तरेश्वर डोळे मिटून मान हलवायचा. छबुबाई शेजारणींना सांगायची, "लोकाचे नवरे भजनाला बसतेत, आमचे कटरला बसतेत. बाटलीला बसत न्हाईत तवर बसू द्या."

हे कटर विकायचे मात्र नाहीत, असं तिघांचं ठरलेलं. विकायला लागलो की गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं, आणि आश्रुबाला कुणाचं ऐकायची सवय नव्हती. म्हणून राधाकिशन गुरुजींनी वसतिगृहासाठी लकी ड्रॉ काढायचं ठरवलं, तेव्हा तिघांनाही आपल्या वेडाला वाट सापडल्यासारखं झालं.

गुरुजींचं वसतिगृह म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या पोरांचं. हंगाम आला की आईबाप ट्रकमध्ये बसून कारखान्याकडे जातात. जी पोरं मागं राहतात ती शाळेत राहतात, जी सोबत जातात ती उसाच्या फडात, पाचटाच्या कोप्यांत राहतात, आणि परत येईपर्यंत त्यांची अक्षरं पुसलेली असतात. गुरुजी अशा पोरांना स्वतःच्या जागेत ठेवून घेत. स्वयंपाकघराचे पत्रे गळत होते, म्हणून ड्रॉ. तिघांनी तीन कटर दिले. उत्तरेश्वरनं आणि सोमनाथनं चेन जिच्यावर फिरते ती पट्टी लांब असलेले, मोठी खोडं कापायचे. आश्रुबानं मात्र आखूड पट्टीचा, हलका, तांबडा रंग दिलेला, हातात धरला की हाताचाच वाटावा असा. पहिलं बक्षीस म्हणून तोच ठरला.

कुपनं खपेनात. शिरूरच्या लोकांना ड्रॉ माहीत होते. मागं कुठल्याशा मंडळाच्या ड्रॉमध्ये मोटारसायकल खजिनदाराच्या मेहुण्याला लागली होती आणि मेहुणा तिच्यावर बसून गावभर फिरला होता. म्हणून आश्रुबानं गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली. "मशीन म्या केलीय. ज्याची चिठ्ठी निघंल त्याच्याच हातात म्या सोता देणार. दुसऱ्याच्या हातात गेली तर माझ्या गिरणीत दळू नका." लोकांना आश्रुबाचा स्वभाव माहीत होता, आणि हा माणूस भांडेल पण खोटं बोलणार नाही हेही माहीत होतं. कुपनं खपली.

त्यातलं एक कुपन वनमालानं घेतलं.

वनमाला रामेश्वर ही शेजारच्या वाडीची. दरवर्षी नवराबायको ऊसतोडीला जायची. तिकडे नवराबायको मिळून एक कोयता म्हणतात. माणसं मोजतच नाहीत, कोयते मोजतात. गेल्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना रामेश्वर घसरला आणि कमरेतून गेला. आता तो चालतो, बसतो, बारीक कामं करतो, पण मोळी उचलणं त्याच्याच्यानं या जन्मात होणार नाही. यंदा मुकादम दारात आला तेव्हा म्हणाला, नवरा नसंल तर पोरीला घे, कोयता पुरा कर. पोरगी म्हणजे दिपाली, सातवीत. वनमालानं त्याला सरळ नाही म्हटलं नाही, कारण घरात दुसरं काही येत नव्हतं. बघते म्हणाली.

रविवारी गिरणी बंद हे ध्यानात न राहून ती दळण घेऊन आली, तेव्हा मागच्या खोलीत ड्रॉचा तांबडा कटर चालू होता. ती दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, मला धरू द्या की." आश्रुबानं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तिनं पाय रोवले ते बघून त्यानं कटर तिच्या हातात दिला. कोयता चालवलेलं मनगट होतं ते. तिनं खोडाची चकती पाडली, दुसरी पाडली, आणि कटर बंद करून म्हणाली, "आमच्याकडं तलावाच्या कडंला सगळी येडी बाभूळ माजलीय. बांध दिसंना झालेत. लोकं तोडणाऱ्याची वाट बघतेत. मशीनवाले बाहेरून येतेत, यायचे तवा येतेत. ही आसली तर म्या तोडीन, मालक ढलप्या गोळा करतील. ऊसाला जायचं कामच न्हाई." हे ती आश्रुबाला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे. मग तिनं कुपन घेतलं.

आता गोष्ट येते त्या दिवसावर, ज्या दिवसाचं नाव काढलं की आश्रुबाच्या कानशिलाची शीर अजून उडते.

आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की प्रमुख पाहुणा हवा. पाहुणा म्हटला की सत्कार हवा, आणि सत्कार म्हटला की नुसती शाल नारळ चालत नाही, पाहुण्याच्या हातात काहीतरी उंच धरायला द्यावं लागतं. तलवार द्यायची, गदा द्यायची, लाकडी नांगर द्यायचा. पाहुणा ते डोक्यावर धरतो, फोटो निघतो, टाळ्या पडतात, आणि ती वस्तू पाहुण्याच्या गाडीत जाते. गळक्या पत्र्यांच्या कार्यक्रमालाही हे चुकत नाही. गुरुजींनी पाहुणे म्हणून रविराज भैय्यासाहेबांना बोलावलं होतं. भैय्यासाहेब कशाचे तरी संचालक, कशाचे तरी माजी सभापती, आणि होणार तर बरंच काही होते. गुरुजींनी बीडला तलवार सांगून ठेवली होती. ती तलवार आलीच नाही.

भैय्यासाहेब "मी भाषण करायला आलेलो नाही" असं म्हणून भरपूर बोलले. मग सत्काराची वेळ आली. गुरुजींचा चेहरा उतरला. ताटात शाल होती, नारळ होता, आणि उंच धरायला काहीच नव्हतं. पाहुणा हात पुढे करून उभा. सूत्रसंचालन करणाऱ्यानं इकडे तिकडे बघितलं, टेबलावर झेंडूचा हार घातलेला तांबडा कटर त्याला दिसला, आणि त्या महाभागानं तो उचलून सरळ भैय्यासाहेबांच्या हातात दिला.

आश्रुबा मंडपाच्या मागं उभा होता. त्याला आधी वाटलं, फोटोपुरता असेल. भैय्यासाहेबांनी कटर दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, पट्टी वर, मूठ खाली, जसा गड जिंकून आले. टाळ्या. फोटो. मग भैय्यासाहेबांनी तो मागच्या माणसाकडे दिला, मागच्यानं त्याच्या मागच्याकडे, आणि तो हातोहात गाडीकडे चालला. आश्रुबा गर्दीतून वाट काढत "ए! ए थांब!" म्हणत पळाला, पण तोवर भैय्यासाहेबांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं आणि गाड्यांचा ताफा धुरळा उडवत निघाला होता. धुरळ्यात उभं राहून आश्रुबानं ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत.

सोडत शेवटून सुरू झाली. कुकर गेले, पंखा गेला, उत्तरेश्वरचा कटर एका हॉटेलवाल्याला गेला, सोमनाथचा एका बागाइतदाराला. मग वसतिगृहातल्या एका पोरीनं डब्यात हात घालून पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी काढली. वनमाला रामेश्वर. बायकांच्या घोळक्यातून ती उठली तेव्हा तिचा पदर खांबाच्या खिळ्यात अडकला. तो सोडवून ती स्टेजवर आली आणि टेबलाजवळ उभी राहिली. टेबलावर झेंडूच्या पाकळ्या होत्या. ती टेबलाकडे बघत राहिली. गुरुजींनी काय केलं असेल? तिला शाल दिली. नारळ दिला. "व्यवस्था करू, ताई," म्हणाले, आणि माइकवरून आभार मानायला लागले.

त्या रात्री आश्रुबा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीत जो येईल तो त्याला एकच गोष्ट ऐकवत होता, आणि तीच खरी चीड आणणारी होती. "जाऊ दे की आश्रुबा. तुझ्याकडं काय कमी हायेत का कटर? तिला दुसरा करून दे." जणू अडचण कटरची होती! दुसरा करायला सामान हवं, ते मिळेल तेव्हा मिळेल, आणि मुकादमाचा ट्रक काही थांबणार नव्हता. पण सामान हाताशी असतं तरी आश्रुबानं दुसरा दिला नसता. जिची वस्तू तिला मिळायला हवी, आणि जो घेऊन गेला त्यानं ती द्यायला हवी, एवढं साधं कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. नेलेल्याला कुणी काही म्हणत नव्हतं. सगळे ज्यानं दिलं त्यालाच शहाणपण शिकवत होते.

गुरुजींकडे गेला तर गुरुजी म्हणाले, "अरे, सत्कारात दिलेली वस्तू परत मागायची आसती का? कसं दिसंल ते?"

"आन् चिठ्ठी निघालेल्या बाईला नारळ दिला, ते कसं दिसलं गुरुजी?"

"मला पोरं संभाळायचीत, आश्रुबा. टँकर त्यांच्या शब्दावर येतो. उद्या बंद झाला तर पोरांना काय पाजू?" गुरुजींचा आवाज खरोखर कापत होता. वाईट माणूस नव्हता तो. पण भिणारी चांगली माणसं आश्रुबाला वाईट माणसांपेक्षा जास्त चीड आणत.

भैय्यासाहेबांच्या माणसाला फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये आहेत. संध्याकाळी लावला. साहेब लग्नात आहेत. दुसऱ्या दिवशी लावला तर माणूस म्हणाला, "कोणता कटर? बरेच सत्कार असतात साहेबांचे." आश्रुबानं फोन आपटला, आणि फोन आपटल्याचा राग आला म्हणून आणखी चिडला. यंत्रावर राग काढायचा नसतो, हे त्याचंच म्हणणं होतं.

शेवटी उत्तरेश्वरनं युक्ती काढली. एसटीत तीस वर्षं साहेब लोकांना तोंड दिलेला माणूस तो. म्हणाला, "हे बघ, मागून मिळणार न्हाई. आपण सकाळी त्यांच्या बंगल्यावर जायचं. वनमालाला सोबत न्यायचं. शाल घ्यायची, त्यांना घालायची आन् म्हणायचं, साहेब, ही मशीन तुमच्या शुभहस्ते बाईला द्या. त्यांना फोटो भेटतो, तिला मशीन भेटते."

"चोराला शाल घालू म्या?" आश्रुबा इतका ओरडला की छबुबाई आतून बाहेर आली. "माझी मशीन, तिची चिठ्ठी, आन् त्याच्या हातानं दान? वरून म्या त्याचे आभार मानू? जीभ झडंल माझी!"

छबुबाई दारात उभी होती. ती सहसा या तिघांच्या बोलण्यात पडत नसे. त्या दिवशी पडली. "वनमाला सकाळी पाण्याला भेटलती. मुकादमाला तिनं अजून हो म्हणलं न्हाई. पण म्हणंल. पोरीची पिशवी भरून ठिवलीय तिनं." मग आश्रुबाकडे बघून म्हणाली, "तुमचा राग ऱ्हाऊ द्या घरी दोन तास. मी संभाळते."

 सकाळी शाल आश्रुबानंच विकत आणली, दुकानातली सगळ्यात खरखरीत बघून.

जीपमध्ये गुरुजी पुढं बसले. मागे उत्तरेश्वर, आश्रुबा आणि वनमाला. रस्ताभर गुरुजी तिला समजावत होते. "ताई, काय बोलायचं ते ध्यानात ठेवा. साहेबांमुळं मिळाली, एवढंच. जास्त काही न्हाई." वनमाला खिडकीतून बघत होती. ती काहीच बोलली नाही, आणि सगळ्यांनी ते हो धरलं. आश्रुबाच्या मांडीवर शाल होती आणि ती तो मुठीत चुरगाळत होता.

बंगल्याच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसलेली होती. कुणाची बदली, कुणाचा शेतातला जळालेला विजेचा डीपी, कुणाच्या भावकीतलं भांडण. आत हॉलमध्ये काचेचं मोठं कपाट, आणि त्या कपाटात भैय्यासाहेबांची कमाई. तलवारी, गदा, नांगर, मूर्ती, ट्रॉफ्या. मधल्या फळीवर तांबडा कटर. वाळून काळा पडलेला झेंडूचा हार अजून त्याच्या मुठीवर होता. चेनीवर धूळ बसली होती. चेनीच्या दातांवर घालायला आश्रुबानं रबरी नळी चिरून झाकण केलं होतं, ते काढून कुठंतरी फेकून दिलेलं होतं, दात दिसले की शोभा येते म्हणून. टाकीतलं पेट्रोल तसंच. कटर नुसता ठेवायचा तर पेट्रोल काढून ठेवायचं असतं, नाहीतर कार्बोरेटर चोंदतो. आश्रुबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्तरेश्वरनं मागून त्याचा सदरा घट्ट धरला.

भैय्यासाहेब आले. गुरुजी वाकून बोलले, फार वाकून. भैय्यासाहेबांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मशीन देऊन टाकायची कल्पना त्यांना मनापासून आवडली. असल्या वस्तू त्यांच्याकडे पडूनच होत्या. "अहो, मग आधी नाही का सांगायचं! आपल्या दारातून कष्टकरी माणूस रिकामा गेलाय का कधी?" अंगणातली माणसं आत बोलावली गेली. कपाट उघडलं. मोबाईलवाला पोऱ्या पुढं आला, बातमी टाकायला. भैय्यासाहेबांनी कटर एका बाजूनं धरला, वनमालाला दुसऱ्या बाजूनं धरायला लावलं.

"बाई, हसा जरा," मोबाईलवाला म्हणाला.

वनमाला हसली नाही.

"बरं, बोला तरी. भैय्यासाहेबांनी तुम्हाला मशीन दिली, कसं वाटतंय?"

गुरुजी मान हलवत होते, बोला, बोला. आश्रुबा शाल घेऊन पुढं झाला होता, कारण तिचं बोलणं झालं की शाल घालायची असं ठरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं राग गिळला होता.

वनमालानं मोबाईलकडे बघितलं. तिनं आवाज चढवला नाही.

"सायबांनी कुठं दिली? कुपन म्या घेतलं. चिठ्ठी माझी निघाली, समद्या गावापुढं. मशीन माझी हाय. इतके दिस सायबांच्या घरी पडून व्हती, ती न्यायला आले."

 मोबाईलवाल्याला बंद करावं की चालू ठेवावं हे कळेना, म्हणून चालूच राहिला. भैय्यासाहेबांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे त्याच्यातून निघून गेले होते. "ताई," ते हळू म्हणाले, "असं बोलत नसतात."

"मंग कसं बोलत आसतेत? यात खोटं काय हाय ते सांगा, म्या माफी मागते."

  खुर्च्यांवरून उठून आलेली माणसं, बदलीवाला, डीपीवाला, सगळी भैय्यासाहेबांकडे बघत होती. आणि भैय्यासाहेबांचा हात अजून कटरच्या मुठीवर होता.

"सोडा, सायब," वनमाला म्हणाली. "मला तलावाकडं जायचंय. आज काम धरलंय."

त्यांनी सोडला.

सबंध कटरचं वजन एकदम तिच्या हातात आलं. तिनं तो कमरेवर टेकवला आणि दाराकडे वळली. गुरुजी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, टँकर, टँकर. आश्रुबा जागच्या जागी उभा होता. त्याला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला काही उरलंच नव्हतं. सगळं त्या बाईनं आवाज न चढवता बोलून टाकलं होतं.

मग त्याचं लक्ष चेनीकडे गेलं. झाकण नव्हतं. दात उघडे होते, तिच्या पातळाला लागत होते. आश्रुबा चार ढांगांत तिच्यापाशी पोचला. "थांब बाई, हाताला लागंल," म्हणाला, आणि सत्कारासाठी आणलेली ती शाल त्यानं भैय्यासाहेबांच्या देखत पट्टीवर गुंडाळली, दोन्ही टोकं घेऊन घट्ट गाठ मारली. बाहेर जीपपाशी उत्तरेश्वरनं कटर घ्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या, आणि मांडीवर घेऊन बसली.